नेब्रास्कातला क्लेम, पालेगावची सही

अमेरिका मी आधी खाल्ली, मग शिकवली आणि अगदी शेवटी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, पाहिली.

खाल्ली ती लहानपणी. दुष्काळाच्या दिवसांत रेशनवर मिलो नावाची लालसर ज्वारी यायची. आम्ही अंबरनाथजवळच्या पालेगावची आगरी माणसं, तांदळाच्या भाकरीवर वाढलेली. ती लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही. आई म्हणायची, "अमेरिकेशून आलीय. मुकाट खा." त्यामुळे अमेरिका म्हणजे कुठेतरी लांब राहणारी, जाड्याभरड्या धान्याची एक उदार बाई आहे, असा माझा बरीच वर्षं समज होता.

शिकवली ती अंबरनाथच्या शाळेत, इतिहासाची बाई म्हणून. धड्यातली वाक्यं अजून पाठ आहेत. अमेरिकेचा पश्चिमेकडे विस्तार झाला. सामाजिक सुधारणा झाल्या. अमेरिका महासत्ता म्हणून उदयास आली. सगळं आपोआप झालेलं, भात शिजल्यासारखं. एकदा बुवापाड्याहून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "बाई, विस्तार झाला म्हणजे तिकडे आधी मोकळंच होतं का?" मी म्हणाले, "जवळजवळ." तास संपायला आला होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं. ते 'जवळजवळ' मला पुढे कितीतरी वर्षं टोचत राहिलं.

माझी मुलगी अश्विनी नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात इस्पितळात काम करते. न्यूयॉर्क नाही, कॅलिफोर्निया नाही, नेब्रास्का. बदलापूरला आमच्या सोसायटीत कुणाला सांगितलं की समोरचा नुसता "अच्छा" म्हणतो. पण अमेरिकेचा पश्चिमेकडे जो विस्तार झाला तो याच मैदानातून झाला, हे मला माहीत होतं. म्हणून तिने तिकीट काढलं तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. ह्यांना विमानाचा धसका, त्यामुळे मी एकटीच निघाले.

उल्हासनगर

निघायच्या आधी दोन गोष्टी घडल्या. त्यातली पहिली माझ्या धाकट्या भावाची, काशिनाथची.

चिखलोलीला स्टेशन होणार म्हटल्यापासून आमच्या भागात मोकळ्या जमिनीला कुणी शेत म्हणत नाही, 'जागा' म्हणतात. आमची बरीचशी जमीन बाबांच्या हयातीतच इमारतींखाली गेली. ओढ्याकडेचे बारा गुंठे तेवढे राहिले. काशिनाथ तिथे अजून भात लावतो. सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं आहेत. एक दिवस तो बदलापूरला आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "ताई, ती बारा गुंठं बिल्डरला द्याची हायेत. तुझा हक्कसोड लागंल. तू आल्याव करू. दिवालीच्या आधीचा मंगलवार बगलाय."

आमच्याकडे बहिणीने हक्क सोडायचा असतो. त्याबद्दल साडी मिळते आणि माहेर शाबूत राहतं. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. बाबांच्या वेळी माझ्या आत्याने अंगठा दिला होता. तिला हिरवं लुगडं मिळालं. ते तिने कधी नेसलं नाही. ती गेल्यावर ट्रंकेत घडी न मोडलेलं सापडलं.

मी "बरं" म्हणाले. काशिनाथ सज्जन आहे, माझ्यावर त्याचा जीव आहे, त्याच्या मुलांना शेती नको आहे. त्याचं म्हणणं रास्तच होतं. तरीही तो गेल्यावर मला वाईट वाटत राहिलं आणि का वाटतंय ते सांगता येईना. त्याने फोनवर कागदाचा मसुदा पाठवला होता. वर त्याचं नाव, 'लिहून घेणार'. खाली माझं, 'लिहून देणार'.

दुसरी गोष्ट गोपकाकांची. उल्हासनगरच्या बाजारात त्यांचं कपड्यांचं दुकान आहे. अश्विनीच्या पहिल्या फ्रॉकपासून मी तिथेच घेते. थंडीसाठी जाकीट घ्यायला गेले. मी कुठे चाललेय ते कळल्यावर त्यांनी खुर्ची पुसून दिली.

"दीदी, वहाँ भी सब हमारे जैसे हैं," ते म्हणाले. "सब बाहर से आये. हमारे दादाजी बँटवारे में शिकारपुर छोडके आये, तो बैरक का कमरा क्लेम में मिला. उन लोगोंने भी क्लेम भरा होगा."

"क्लेम म्हणजे नुकसानभरपाई ना, काका?"

"भरपाई नहीं. क्लेम तो उसका होता है, जिसका कुछ गया है. सरकार को लिखके देना पडता है, मेरा इतना इतना गया." मग जाकिटाची चेन वरखाली करून दाखवत म्हणाले, "ये चेन चलेगी, अमेरिका में भी चलेगी. मेरा नाम लेना."

उल्हासनगरभोवती वाढलेल्या माणसाला 'क्लेम' हा शब्द इंग्रजी वाटतच नाही. तो आमच्याकडे सिंधी घरांतून आलेला शब्द आहे. त्याचा अर्थ गोपकाका म्हणाले तोच. या शब्दानेच पुढे माझी फजिती केली.

शिकागोचा विमानतळ

विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माणूस बसतो, पाय सुजतात, माणूस उतरतो. सांगायचं ते उतरल्यानंतरचं.

निघताना काशिनाथच्या बायकोकडून, रंजनाकडून, मी मूठभर भात मागून घेतलं होतं. टरफलासकट, त्याच बारा गुंठ्यांतलं. अश्विनीने ते वाटीत घालून कपाटात ठेवावं, इतकाच हेतू. शिकागोला विचारलं, सोबत बियाणं, फळं, माती आहे का? मुलांना तीस वर्षं खरं बोला म्हणून सांगितल्यावर आता खोटं कुठून बोलणार? मी पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली.

तिथली अधिकारी तरुण मुलगी होती. तिने भात तळहातावर घेतलं, हुंगलं आणि विचारलं, हे उगवतं का? मी अभिमानाने म्हणाले, हो, उत्तम उगवतं. झालं, तिथेच संपलं. उगवणारं काही देशात नेता येत नाही. तिने नम्रपणे एक कागद पुढे केला. मी ही वस्तू स्वखुशीने सोडून देत आहे, अशा अर्थाचं काहीतरी त्यावर होतं. खाली माझी सही.

अमेरिकेत पाऊल टाकल्या टाकल्या मी 'लिहून देणार' झाले. मला हसू आलं. ती मुलगीही हसली, पण तिला कारण माहीत नव्हतं.

ओमाहा

ओमाहात आकाश फार आहे. आमच्याकडे मलंगगडाचा डोंगर, टॉवर, मोबाईलचे मनोरे, काहीतरी आकाशाला अडवून धरतं. इथे कुणी अडवत नाही. पहिले दोन दिवस मला उघड्यावर आंघोळ करत असल्यासारखं अवघडायला झालं.

अश्विनीच्या इस्पितळाच्या उपाहारगृहात मला एक अजब जेवण मिळालं. राजमा आणि टोमॅटोचं तिखट कालवण आणि त्याच्या जोडीला दालचिनीचा गोड, गुंडाळलेला पाव. गोड पाव तिखटात बुडवून खायचा. इथल्या शाळांत पिढ्यान् पिढ्या हेच देतात म्हणे. अश्विनीला ते अजून पटलेलं नाही. मी मात्र दोन पाव संपवले. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ओरपणाऱ्यांनी नाक मुरडायचं कारण नाही.

तिथेच मार्लीनची ओळख झाली. ती अश्विनीबरोबर काम करते. पंचावन्नच्या आसपासची, बारीक वेणी, आवाज हळू. ज्या लोकांच्या नावावरून शहराला ओमाहा नाव पडलं, त्या लोकांपैकी ती. मी भाबडेपणाने म्हणाले, "म्हणजे हे शहर तुमचं." ती म्हणाली, "नाव आमचं." आणि मला रविवारी आपल्या घरी जेवायला बोलावलं.

एका संग्रहालयात जुनी छायाचित्रं पाहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शहरात मोठं प्रदर्शन भरलं होतं. पांढरेशुभ्र महाल, तळी, दिव्यांच्या माळा. सगळे महाल तात्पुरते, गणपतीच्या मखरासारखे. त्या प्रदर्शनात देशभरातल्या मूळ रहिवाशांना तंबूंसकट आणून बसवलं होतं, लोकांना बघता यावं म्हणून. त्याच वर्षी अमेरिकेने स्पेनशी लढून समुद्रापलीकडची फिलिपाइन्स बेटं ताब्यात घेतली. माझ्या पुस्तकात हे दोन वेगळे धडे होते. विस्तार सहाव्या धड्यात, महासत्ता नवव्यात. इथे दोन्ही एकाच भिंतीवर, एकाच चौकटीत होतं.

लिंकनच्या दक्षिणेला

शनिवारी अश्विनी मला गाडीने घेऊन निघाली. लिंकन शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना वाळलेला मका सुरू झाला. मध्येच एक शेत वेगळ्याच रंगाचं दिसलं. बुटकी ताटं आणि वर गच्च लाल कणसं. मी म्हटलं, "थांबव." ती घाबरली, मला गाडी लागली असं तिला वाटलं.

कुंपणापाशी एक शेतकरी यंत्राला काहीतरी ठोकत होता. मी विचारलं, हे काय पीक? तो म्हणाला, "मिलो." अगदी तोच उच्चार. मी एक कणीस हातात घेतलं. पन्नासहून जास्त वर्षांनी ते लाल दाणे समोर होते. मी त्याला सांगितलं की लहानपणी हे आम्ही खाल्लं आहे. तो चकित झाला. "हे आम्ही गुरांना घालतो," तो म्हणाला. आणि आपण काय बोलून गेलो ते लक्षात येऊन बिचारा लाल झाला. मी म्हटलं, "आईला सांगायला हवं होतं, तिचाही तोच संशय होता." मग तिघंही हसलो.  तरी पुढचा अर्धा तास मला आठवत राहिलं, आई ती भाकरी आधी आम्हाला वाढायची आणि उरली तर स्वतः खायची.

आम्ही ज्या ठिकाणी चाललो होतो ते सरकारने जपलेलं स्मारक आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेने कायदा केला की, वयाची एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या कुणीही यावं, एकशे साठ एकर निवडावी, पाच वर्षं तिथे राहावं, घर बांधावं, जमीन कसावी. की ती त्याची. परदेशातून नुकते आलेले चालतील, गुलामीतून सुटलेले चालतील. आणि बाई चालेल, लग्न झालेलं नसेल किंवा नवरा नसेल तर. मत द्यायचा हक्क मिळण्याच्या कितीतरी आधी इथल्या बाईच्या नावावर जमीन झाली. चार मुली आपल्या मातीच्या घरासमोर उभ्या आहेत, असं एक छायाचित्र तिथे आहे. त्यांच्या मागे घराच्या छपरावर गवत उगवलंय. चौघींच्या चेहऱ्यावर असा काही रुबाब आहे की मी तिथून हललेच नाही. चार 'लिहून घेणार' बाया मी पहिल्यांदाच बघत होते. आत्या असती तर तिला शेजारी उभं करून हे चित्र दाखवलं असतं, असं मला फार वाटलं.

तिथे एक रुंद टोपी घातलेले, माझ्याच वयाचे मार्गदर्शक माहिती देत होते. आम्ही सात-आठ जण होतो. ते म्हणाले, "इथे लोकांनी क्लेम केले. क्लेम मिळवायला रात्रभर रांगा लावल्या."

मी शाळेच्या सवयीने हात वर केला आणि विचारलं, "त्यांनी काय गमावलं होतं?"

"कुणी?"

"ज्यांनी क्लेम भरला त्यांनी. त्यांचं काय गेलं होतं?"

अश्विनीने माझी बाही ओढली. "आई, इथे क्लेम म्हणजे नुसतं 'हे माझं' म्हणणं," ती मराठीत कुजबुजली. "गोपकाकांचा क्लेम नव्हे." माझे कान गरम झाले. इंग्रजीची चूक झाली की मराठी माणसाला उगाच आपण कुणाचं काही चोरल्यासारखं वाटतं.

पण ते गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे क्लेम म्हणजे काय?" मी उल्हासनगरची गोष्ट सांगितली. फाळणी, सिंध, छावणीतल्या बराकी, आणि आमच्याकडे क्लेम तोच भरतो ज्याचं काही गेलेलं आहे. सगळे ऐकत होते. मला उगाचच तास घेतल्यासारखं वाटलं.

"काहींचं गेलं होतं," ते म्हणाले. "दूरच्या देशातलं गाव, घर. गुलाम होते त्यांचं तर सगळंच. पण ही जमीन त्यांची गेलेली नव्हती. ती ज्यांची गेली, त्या ओटो जमातीच्या लोकांना आधी छोट्या तुकड्यावर ढकललं आणि मग राज्याबाहेर. तुमच्या अर्थाने क्लेम त्यांनी भरायला हवा होता." मग ते म्हणाले, "हा प्रश्न मला इथे कुणी विचारला नव्हता."

बाहेर गवत माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं, तांबूस, वाऱ्याने एकाच बाजूला झुकणारं. पूर्वी सगळं मैदान असंच होतं म्हणे. मला बुवापाड्याची ती मुलगी आठवली. आता ती चाळिशीची असेल. तिला सांगायला हवं होतं की मोकळं नव्हतं, जवळजवळही नव्हतं.

मार्लीनच्या घरी

ओमाहा लोकांचा राखीव भाग शहरापासून दीड तासावर, मिझुरी नदीच्या कडेने आहे. मार्लीनचं घर लहान, लाकडी. तिने तळलेला पाव केला होता. बाहेरून भटुऱ्यासारखा, आत मऊ. मी तिसरा उचलल्यावर ती म्हणाली, "ही आमची जुनी पाककृती नाही. शिकार बंद झाली, शेतं गेली, तेव्हा सरकारकडून पीठ आणि चरबी यायची. त्यातून आजीच्या आजीने जे जमेल ते केलं."

"रेशनवर," मी म्हटलं आणि मिलोची गोष्ट सांगितली. मार्लीन इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. "म्हणजे आपण दोघी एकाच दुकानातून वाढलो," ती म्हणाली.

जेवणानंतर तिने एक पाकीट आणलं. सरकारने त्यांची सगळ्यांची मिळून असलेली जमीन मोडून कुटुंबागणिक तुकडे पाडले होते. उरलेली 'जास्तीची' ठरवून बाहेरच्यांना दिली. तिच्या खापरपणजोबाला जो तुकडा मिळाला, त्यावर त्याच्या मुलांची नावं लागली, मग त्यांच्या मुलांची, मग त्यांच्याही. आता त्या एका तुकड्यावर इतके वारस आहेत की यादीची पानं टाचणीत मावत नाहीत.

मी चष्मा लावून यादी बघितली आणि मला अगदी घरच्यासारखं वाटलं. हा तर सातबारा होता. आमच्याकडे भाऊबंदकीत असेच उतारे निघतात, मेलेल्यांची नावं, परागंदा झालेल्यांची नावं. फक्त एक फरक होता. त्यात मुलींची नावं जशीच्या तशी होती.

"तुमच्यात बहिणी हक्क सोडत नाहीत?" मी विचारलं. हक्कसोड म्हणजे काय ते माझ्यासोबत आलेल्या अश्विनीने तिला समजावून सांगितलं.

मार्लीन म्हणाली, "सोड म्हणून सरकारची पत्रं येतात. वाटा एवढासा," तिने चहाची बशी दाखवली, "बशी ठेवली तर भरेल. तिथे मका दुसराच कुणी लावतो. मी तिथे काही पेरत नाही. दर काही वर्षांनी विचारतात, विकणार का? मी 'नाही' लिहून पाठवते."

"एवढासा तुकडा ठेवून काय मिळतं?"

तिने विचार केला. तिला विचार करायला वेळ लागतो आणि ती तो घेते, हे मला तिचं फार आवडलं. "विकला, तर पुढच्या वेळी त्यांना मला विचारावं लागणार नाही," ती म्हणाली.

मग तिने मलाही विचारलं, तुमची जमीन तुमच्याआधी कुणाची होती? मी म्हणाले, आम्ही कुळं होतो, कसत होतो, कायद्याने कसणाऱ्याच्या नावावर झाली. आणि त्याआधी? सावकाराची. आणि त्याच्याआधी? डोंगराकडचे कातकरी आमच्या बांधावर लावणीला यायचे, त्यांचं नाव मी आजवर कुठल्याही कागदावर बघितलेलं नाही. ते मी तिला सांगितलं.  मला त्या क्षणी तिथून उठावंसं वाटलं, पण तिने आणखी चहा ओतला.

परतताना गाडीत मला अचानक कळलं की पालेगावचा कागद बघून मला काय बोचलं होतं. बारा गुंठे जात होते म्हणून नव्हे. काशिनाथने मला तारीख सांगितली होती. देतेस का, असं विचारलं नव्हतं. आत्यालाही कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे भावाला सांगायची सवय आहे आणि बहिणीला 'बरं' म्हणायची.

बदलापूर, पालेगाव

परत आले ती दिवाळीच्या तोंडावर. गोपकाकांना जाकिटाची चेन अमेरिकेत चालली हे कळवलं. क्लेमची फजिती सांगितल्यावर ते मान डोलावत म्हणाले, "गोरा सही बोला. जिसका गया, उसका क्लेम." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मंगळवारी काशिनाथ रिक्षा घेऊन आला. उल्हासनगरच्या रजिस्ट्री कार्यालयाबाहेर, झाडाखालच्या टपरीवर, मी चहा सांगितला आणि म्हणाले, "काशिनाथ, मी हक्क सोडणार नाही."

त्याने पेला खाली ठेवला. "हिस्सा पायजे काय ताई तुना?"

हा प्रश्न आमच्या समाजात शिवीसारखा असतो. मी म्हणाले, "हिस्सा नको. विकायचं ठरलं तर विकू. पण दोघांनी ठरवू. माझं नाव राहू दे, म्हणजे तुला मला विचारावं लागेल."

"मी काय तुना फसवतो?"

"नाही रे. फसवत नाहीस. विचारत नाहीस."

त्याला ते समजलं नाही. समजायला मला नेब्रास्कापर्यंत जावं लागलं होतं, तो तर टपरीवर बसला होता. त्याने वकिलाला फोन करून यायला नको म्हणून सांगितलं. मला रिक्षाने घरी सोडून तो निघून गेला. रंजनाने आणून ठेवलेली मोतिया रंगाची साडी पिशवीतच राहिली.

भाऊबीजेला तो आला. पाटावर बसला, मी ओवाळलं, त्याने ताटात ओवाळणी ठेवली. जेवायला थांबला नाही. "काम हाय," म्हणाला. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज ऐकत मी हातात निरांजन घेऊन उभी राहिले आणि मला रडू आलं. एका बशीएवढ्या हट्टापायी मी माहेर घालवलं असं वाटलं. हे म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. जाऊन सही करून ये." दोनदा मी रिक्षात बसायचं ठरवलं आणि दोनदा चप्पल काढली.

मग थंडी पडायला लागल्यावर, एका सकाळी, त्याचा फोन आला. आधी तो नुसताच खाकरला.

"ताई, बिल्डरचा मानूस येनार हाय रविवारी," तो म्हणाला. "तो बोलला, कागदाव तुमच्या बहिनीचा पन नाव हाय, त्यांना काय वाटतं? मी बोल्लो, माना काय म्हाईत, मी विचारलाच नाय." मग तो पुन्हा खाकरला. "तर विचारतो. काय वाटतं तुना?"

 मी मार्लीनसारखा वेळ घेतला. मागे कुठेतरी त्यांच्या अंगणात कोंबड्या ओरडत होत्या. मी म्हणाले, "आधी शेतात जाऊ या. उभं राहून बघू. मग सांगते."

"ये मंग सकालीच."

"जेवायला काय करणार आहे रंजना?"

"ता तू सांग," तो म्हणाला.